इलेक्ट्रिक टॅक्सी, कार आणि शहरातलं चार्जिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान टॅक्सी चालवणाऱ्यांसाठी आहे, स्वतःची गाडी असलेल्यांसाठी आहे आणि इमारतीत किंवा ताफ्यासाठी चार्जर बसवायला निघालेल्यांसाठीही आहे. तिघांचे प्रश्न वेगळे वाटतात, पण फिरून फिरून मुद्दा एकच निघतो: गाडी कुठे उभी राहते आणि किती वेळ.

मोठ्या शहराला नेमके किती चार्जर लागतात?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं नुसत्या आकड्यात दिलेलं उत्तर बहुतेक वेळा दिशाभूल करतं. 'शहरात इतके हजार चार्जर बसवले' अशा बातमीत ७ किलोवॉटचा चार्जिंगचा खांब आणि १५० किलोवॉटचा फास्ट चार्जर, दोन्ही एकेकच मोजलेले असतात. पहिल्यावर एक गाडी रात्रभर लागून राहते, दुसरा दिवसभरात वीसेक गाड्या सहज मोकळ्या करतो. युरोपीय संघाने म्हणूनच मोजायची पद्धत बदलली. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या तिथल्या नियमांत सदस्य देशांना नोंदणी झालेल्या प्रत्येक बॅटरी कारमागे सार्वजनिक चार्जिंगची १.३ किलोवॉट क्षमता उभी करायला सांगितली आहे. खांब किती, हे त्यात मोजत नाहीत.

पण हेही टॅक्सीला पुरतं लागू पडत नाही. खासगी कार शहरात दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर फिरते आणि बाकीचा वेळ उभीच असते. तिला सहा-सात युनिट पुरतात. टॅक्सी २०० ते २५० किलोमीटर धावते. शंभर किलोमीटरला १५ ते १८ युनिट धरले, तर तिची रोजची भूक ३० ते ४५ युनिट. म्हणजे एक टॅक्सी पाच-सहा खासगी गाड्यांइतकी वीज घेते, आणि ती नेमकी अशा वेळी मागते जेव्हा चालकाला थांबणं परवडत नाही. तेव्हा शहराला किती चार्जर लागतात हे विचारण्याआधी टॅक्सी रात्री कुठे असते आणि दुपारी कुठे असते हे विचारा. त्याशिवाय काढलेला कुठलाही आकडा हवेतला.

किलोवॉट आणि युनिट यांत गल्लत होते. फरक काय?

किलोवॉट म्हणजे वीज कोणत्या वेगाने येते ते. युनिट म्हणजे किलोवॉट-तास, एकूण किती वीज आली ते. १० किलोवॉटने तीन तास चार्ज केलं तर ३० युनिट. बिल युनिटचं येतं, पण वीज कंपनीकडून जोडणी घेताना भांडण किलोवॉटवरून होतं.

एसी आणि डीसी चार्जिंग म्हणजे काय?

बॅटरीत डीसी वीजच साठते. एसी चार्जरवर ती बदलण्याचं काम गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो, डीसी चार्जरवर ते काम बाहेरच्या मोठ्या कपाटात होतं. त्यामुळे एसीवर वेग किती मिळणार हे गाडीवर ठरतं. एका फेजवर २३० व्होल्ट आणि ३२ अँपिअर धरले तर सुमारे ७.४ किलोवॉट, तीन फेजवर तेवढ्याच अँपिअरला २२ किलोवॉट. पण गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ७.४ चा असेल, तर २२ च्या खांबावरही ७.४ च मिळतील. अनेक जण घराखाली महागडा २२ किलोवॉटचा चार्जर बसवतात आणि मग तक्रार करतात. आधी गाडीची माहितीपुस्तिका बघा.

चार्जरवर '१५० किलोवॉट' लिहिलंय. मला ४० च का मिळतायत?

कारणं चार-पाच असू शकतात आणि बहुतेक वेळा चार्जर बिघडलेला नसतो.

पहिलं, गाडीची स्वतःची कमाल मर्यादा. दुसरं, केबलची. २०० अँपिअरची केबल आणि ४०० व्होल्टची बॅटरी असेल, तर गणितानेच ८० किलोवॉटच्या वर जाता येत नाही, कपाटावर काहीही लिहिलेलं असो. मोठ्या प्रवाहासाठी केबल आतून द्रवाने थंड ठेवावी लागते. तिसरं, एकाच कपाटाला दोन गन, म्हणजे गाडीत लावायची केबलची टोकं, असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागली, तर क्षमता वाटली जाते. चौथं, बॅटरी गार असेल तर बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा, वेग मुद्दाम कमी ठेवते. आणि शेवटचं, तुम्ही आलातच ७५ टक्क्यांवर.

हे शेवटचं एकदा स्क्रीनसमोर उभं राहून बघण्यासारखं आहे. २० टक्क्यांवर गन लावली, खट्‌ करून लॉक बसलं, आत दोन-चार रिले वाजले आणि आकडा चढत ४८ वर जाऊन बसला. बराच वेळ तो तिथेच घुटमळतो. ऐंशीच्या आसपास उतरायला लागतो: ३८, ३०, २४. नव्वदीला १५ च्याही खाली जातो. पंखा अजून घोंघावत असतो, मागे दोन टॅक्सी ताटकळत असतात, आणि शेवटच्या दहा टक्क्यांना मघाच्या तीस टक्क्यांइतका वेळ लागतो. गाडीनुसार आकडे बदलतील, उतार बदलत नाही.

म्हणूनच ८० टक्क्यांवर थांबा म्हणतात का?

फास्ट चार्जरवर, हो. पुढचे टक्के गाडीत कमी आणि मागच्या माणसाच्या वेळेत जास्त पडतात. हळू चार्जरवर रात्री हा प्रश्न येत नाही. तिथे बॅटरीचा प्रकार बघा. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असेल तर बहुतेक कंपन्या आठवड्यातून एकदा तरी १०० टक्के करायला सांगतात, कारण या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतं आणि नेमकी किती वीज शिल्लक आहे याचा अंदाज बीएमएसला चुकायला लागतो. निकेलवाल्या बॅटरीला मात्र रोज १०० वर नेऊन तशीच उभी करू नये.

रोज फास्ट चार्जिंग केलं तर बॅटरी लवकर जाते का?

झीज वाढते, पण 'दोन वर्षांत बॅटरी संपली' ही भीती अवाजवी आहे. त्रास दोन गोष्टींचा होतो: उष्णता, आणि गार बॅटरीत जोराने वीज ढकलणं. गार असताना लिथियम ॲनोडच्या, म्हणजे बॅटरीतल्या ऋण टोकाच्या, आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर साचतं, आणि ते नुकसान बऱ्याच अंशी कायमचं असतं. चांगली बीएमएस हे टाळते, म्हणूनच वेग कमी होतो. टॅक्सीचालकाने साधा नियम पाळावा: रात्री हळू, दिवसा फक्त गरजेपुरतं फास्ट, आणि उन्हात लांबचा पल्ला मारून आल्यावर पाच-दहा मिनिटं दम घेऊन मग गन. द्रवाने थंड होणारी बॅटरी असेल तर एवढंही लागत नाही.

टॅक्सीसाठी राखीव चार्जर हवेत का? खासगी गाड्यांवर अन्याय नाही का?

हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. खासगी गाडीवाला चार्जरवर अर्धा तास घालवतो तेव्हा त्याचा अर्धा तास जातो. टॅक्सीवाल्याचा जातो तेव्हा दोन भाडी जातात.

आणि हा वेळ चार्जिंगचा कमी, रांगेचा जास्त असतो. पाळी बदलण्याच्या सुमारास एका ठिकाणी सहा टॅक्सी एकदम आल्या, गन दोनच, प्रत्येकीला चाळीस मिनिटं. शेवटच्या दोघांना गन मिळण्याआधी ऐंशी मिनिटं गेली. तोच चार्जर सकाळी अकराला रिकामा असतो, म्हणून कागदावर त्याचा दिवसभराचा वापर निम्माही दिसत नाही आणि अहवालात लिहितात, 'चार्जर पुरेसे आहेत'. सरासरीच्या आकड्याला रांग कधीच दिसत नाही.

चीनमधल्या शेन्झेनने २०१७ च्या अखेरीस १६ हजारांहून जास्त बस आणि २०१८ च्या अखेरीस वीस हजारांवर टॅक्सींपैकी जवळजवळ सगळ्या विजेवर आणल्या. गाड्यांइतकाच भर तिथे चार्जिंगच्या जागांवर द्यावा लागला, तरी टॅक्सीचालकांच्या तक्रारीत रांग येतच राहिली. लंडनने १ जानेवारी २०१८ पासून नव्याने परवाना घेणारी टॅक्सी शून्य उत्सर्जनावर चालू शकणारी असावी अशी अट घातली आणि शहरात फास्ट चार्जर बसवताना त्यांतले काही केवळ टॅक्सीसाठी ठेवले. तिथल्या नव्या काळ्या टॅक्सीत छोटं पेट्रोल इंजिनही आहे, ते बॅटरी भरण्यापुरतं. पुरेसं चार्जिंग उभं राहीपर्यंत चालकाला हा आधार लागणार हे तिथे आधीच गृहीत धरलं होतं, ही मला त्या योजनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते.

राखीव चार्जर कुठे? विमानतळ, मोठी रेल्वे स्थानकं, रुग्णालयं, आणि जिथे चालक एरवीही जेवायला किंवा हातपाय मोकळे करायला थांबतात तिथे. स्वच्छतागृह नसलेली चार्जिंगची जागा टॅक्सीसाठी अर्धीच.

मी गाडी रस्त्यावर लावतो. घराखाली पार्किंगच नाही. मग?

मोठ्या शहरांत अशीच माणसं जास्त असतात, आणि योजना आखणारे नेमके त्यांनाच विसरतात. उपाय फास्ट चार्जरचा नाही, रात्री हळू चालणाऱ्या भरपूर जोडण्यांचा आहे. लंडनमध्ये रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातच सॉकेट बसवले आहेत. एलईडी दिवे आल्यावर खांबाच्या जोडणीत जी क्षमता मोकळी झाली, ती वापरायची. मिळतात ५ किलोवॉटच्या आसपासच, पण आठ तासांत ४० युनिट, म्हणजे टॅक्सीचा एक दिवस. ॲमस्टरडॅममध्ये वेगळी युक्ती आहे: रहिवासी मागणी नोंदवतो आणि त्याच्या घराजवळ सार्वजनिक खांब उभा राहतो. तो खांब त्याच्या नावावर नसतो, कोणीही वापरतं. मागणी जिथे आहे तिथेच खांब जातो, त्यामुळे धूळ खात पडत नाही.

सोसायटीत चार्जर बसवू दिला जात नाही. 'लोड झेपणार नाही' म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. चाळीस गाड्या, प्रत्येकीला ७.४ किलोवॉट, म्हणजे जवळजवळ ३०० किलोवॉट. हा आकडा सभेत वाचून दाखवला की विषय तिथेच संपतो. पण चाळीस गाड्यांना रात्री मिळून लागतं किती? गाडीमागे दहा युनिट धरले तरी ४०० युनिट, दहा तासांत. सरासरी ४० किलोवॉट. तीनशे आणि चाळीस यांच्यामधलं अंतर कापण्याचं काम लोड मॅनेजमेंट करतं: इमारतीच्या मुख्य मीटरवर लक्ष ठेवायचं, लिफ्ट आणि पंप चालू असताना गाड्यांचा वेग कमी करायचा, मध्यरात्रीनंतर सोडून द्यायचा. गाडीमालकाला सकाळी गाडी भरलेली दिसते, रात्री कधी भरली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

यासाठी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवा: सगळे चार्जर एकाच व्यवस्थेखाली. पहिल्या तिघांनी आपापल्या मीटरवरून आपापल्या वायरी खेचल्या, की चौथ्यापासून खरोखरच लोड उरत नाही. आणि मुख्य केबल व केबल ट्रे पहिल्याच वेळी सगळ्या जागांपर्यंत नेऊन ठेवा. चार्जर नंतर एकेक येतील.

नॉर्वे, फ्रान्स आणि कॅलिफोर्निया इथल्या कायद्यांनी रहिवाशाला स्वतःच्या पार्किंगच्या जागी चार्जर बसवण्याचा हक्क दिला आहे. ठोस कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही.

साध्या भिंतीवरच्या सॉकेटला लावलं तर चालतं का?

अडीनडीला चालतं. रोज नको. १० अँपिअरला २.३ किलोवॉट मिळतात, म्हणजे रात्रभरात वीस युनिट. खासगी गाडीला पुरतात सुद्धा. अडचण अशी की घरातला सॉकेट सलग आठ तास पूर्ण भार ओढायला बनवलेला नसतो. आत एखादा स्क्रू सैल असला की तिथे तापतं, प्लास्टिक पिवळं पडतं, मग काळं. सॉकेटला हात लावून बघा, चटका बसत असेल तर त्याच रात्री बंद करा. एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको. वेगळी सर्किट, नीट अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच तोडणारा स्विच), एवढं करून घेतलं की रोजचं चार्जिंग सुरक्षित.

पावसात चार्ज करता येतं का?

येतं. गन पूर्ण बसून गाडी आणि चार्जर यांची आपसात खूण पटल्याशिवाय पिनांमध्ये चार्जिंगची वीज येतच नाही. मात्र केबलची साल निघालेली असेल, गन तडकलेली असेल किंवा चार्जर पाण्यात उभा असेल, तर पाऊस असो वा नसो, हात लावू नका.

एवढ्या गाड्या आल्या तर शहराचं वीजजाळं कोसळेल का?

एकूण विजेचा प्रश्न वाटतो तितका मोठा नाही. वेळेचा आहे. पाचशे टॅक्सी, प्रत्येकी ४५ युनिट: दिवसाला साडेबावीस हजार युनिट. रात्री आठ तासांत विभागून दिले, तर जाळ्यावर २.८ मेगावॉटचा भार. त्याच पाचशे टॅक्सी दुपारी एकदम ५० किलोवॉटच्या गनला लागल्या, तर २५ मेगावॉट. वीज तेवढीच, ताण नऊपट. आणि हा ताण आधी वीजकेंद्राला जाणवत नाही, गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरला जाणवतो, ज्याला रात्री थंड व्हायला मिळालं नाही तर त्याचं आयुष्य घटतं.

म्हणून रात्रीचे स्वस्त दर. पण त्यातही एक मेख आहे: दर ज्या मिनिटाला उतरतो त्याच मिनिटाला सगळ्यांचे टायमर सुरू होतात आणि नवीनच शिखर तयार होतं. ब्रिटनमध्ये घरगुती आणि कार्यालयातल्या नव्या चार्जरना म्हणून दहा मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक उशीर बंधनकारक केला आहे. ॲमस्टरडॅममध्ये संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत सार्वजनिक खांबांचा वेग उतरवून बाकी वेळी वाढवण्याचे प्रयोग झाले. जिथे मोठी जोडणी मिळतच नाही, तिथे चार्जरशेजारी एक स्थिर बॅटरी ठेवतात. ती दिवसभर सावकाश भरते आणि गाडी आली की झपाट्याने देते. महाग पडते, पण रस्ता खोदून नवी केबल टाकण्यापेक्षा कधीकधी स्वस्त.

ॲपवर 'उपलब्ध' दिसतो आणि जागेवर गेलो की बंद. असं का?

कारण ॲपला चार्जरचा फक्त संगणक दिसतो. पिन वाकलेली, स्क्रीन गेलेली, केबल कापून नेलेली, कार्ड वाचणारं यंत्र रुसलेलं: यांतलं बरंचसं त्याला कळत नाही. २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात संशोधकांनी सार्वजनिक फास्ट चार्जरच्या ६५७ गन प्रत्यक्ष जाऊन तपासल्या. नीट चालत होत्या ७२.५ टक्के. जवळजवळ ५ टक्के ठिकाणी तर केबलच गाडीपर्यंत पोहोचत नव्हती.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या महामार्ग योजनेतून पैसे घेतलेल्या चार्जरना ९७ टक्के वेळ चालू राहण्याची अट आहे. ऐकायला छान वाटतं, पण उरलेले ३ टक्के म्हणजे वर्षाला अकरा दिवस. ब्रिटनने ५० किलोवॉट आणि त्यावरच्या चार्जरच्या जाळ्यांना सरासरी ९९ टक्के सांगितलंय. टॅक्सीचालकांना माझा सल्ला: चार गन असलेली जागा निवडा, एकच गन असलेली कितीही जवळ असली तरी सोडा.

कनेक्टर कोणता?

तुमच्या देशात बहुसंख्य गाड्यांना जो आहे तो. युरोपात एसीला टाइप २ आणि डीसीला सीसीएस २, चीनमध्ये जीबी/टी, जपानमध्ये चाडेमो, उत्तर अमेरिकेत आता टेस्लाच्या घडणीचा एनएसीएस. चार्जर विकत घेत असाल तर गनपेक्षा ओसीपीपी बघा. ही चार्जर आणि नियंत्रण-सॉफ्टवेअर यांच्यातली खुली भाषा आहे. ती येत नसेल तर सॉफ्टवेअरवाली कंपनी बंद पडल्यावर तुमच्याकडे लोखंडी कपाट उरतं.

बॅटरी बदलून देण्याची पद्धत बरी नाही का?

कल्पना फार जुनी आहे. १८९७ साली न्यूयॉर्कमध्ये विजेच्या टॅक्सी धावू लागल्या, तेव्हा शेकडो किलोंच्या शिशाच्या बॅटऱ्या डेपोत यंत्राने ओढून काढत आणि काही मिनिटांत भरलेली आत सरकवत. त्याच वर्षी लंडनमध्येही बर्सीच्या विजेच्या टॅक्सी आल्या. आवाजावरून लोक त्यांना हमिंगबर्ड म्हणत. दोन वर्षांत त्या बंद पडल्या. अलीकडे बेटर प्लेस ही कंपनी याच कल्पनेवर उभी राहिली आणि २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. चीनमध्ये मात्र निओ या गाड्या बनवणाऱ्या कंपनीने हजारो केंद्रं उभी केली आहेत.

फरक कशाचा? गाड्या एकसारख्या असण्याचा. एकाच मालकाच्या, एकाच मॉडेलच्या टॅक्सी असतील तर पद्धत उत्तम जमते. दहा कंपन्यांच्या दहा आकारांच्या बॅटऱ्या असतील तर कुठल्या किती साठवायच्या?

आणि बिनतारी?

टॅक्सी थांब्यावर रांगेत पुढे सरकता सरकता चार्ज होणं, ही कल्पना टॅक्सीला चपखल बसते. ऑस्लोने २०१९ मध्ये तसा प्रकल्प जाहीर केला होता. पण गाडीत आणि रस्त्यात दोन्हीकडे यंत्रणा बसवावी लागते. आज गाडी घेताना याचा विचार करू नका.

चार्ज झाल्यावरही गाडी न काढणाऱ्यांचं काय करायचं?

दहा-पंधरा मिनिटांची सवलत आणि मग मिनिटागणिक शुल्क. फास्ट चार्जरवर हे कडक असावं, आणि पेट्रोलची गाडी लावून जागा अडवणाऱ्याला दंड. रात्रीच्या हळू खांबावर मात्र नको. पहाटे तीनला उठून गाडी हलवायला लावणारा नियम टिकत नाही.

टॅक्सींचा ताफा घेतोय. सुरुवात कुठून करू?

वीज कंपनीकडे जोडणीचा अर्ज करून. गाड्या काही आठवड्यांत येतात, चार्जरही येतात. ट्रान्सफॉर्मर, केबलचा मार्ग आणि खोदकामाची परवानगी यांना महिने लागतात, आणि तोवर गाड्यांचे हप्ते सुरू झालेले असतात. अर्ज करताना प्रत्येक गाडीला एक फास्ट गन असा हिशेब मांडू नका. रात्री डेपोत प्रत्येकीला ७ किलोवॉटची जागा आणि त्यांच्या जोडीला दोन-तीन फास्ट गन, एवढ्यावर बहुतेक ताफे चालतात. पाळीची वेळ सगळ्यांची एकच ठेवू नका. चालकांना अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फरकाने बोलवा, म्हणजे फास्ट गन दोनच्या चार कराव्या लागणार नाहीत.